लाल दोरा, हिरवा दोरा

खंडेनवमीच्या सकाळी मकरंदराव पाटणकरांनी आपल्या बायकोची वाचा स्वतःच्या हातांनी बंद केली, आणि तीही देवाचं नाव घेऊन. करायला गेला गणपती आणि झाला मारुती म्हणतात, ते हेच.

कराडच्या स्टँडवर गाड्या पुकारण्यात या माणसाचा जन्म गेला. "पाटणकडे जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे" हे म्हणून म्हणून गळा असा तयार झालेला, की घरात चहा झाला तरी "चहा फलाटावर लागलेला आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी" अशीच हाक यायची. नोकरीत असताना खंडेनवमीला गाड्यांच्या स्टिअरिंगला, पान्यांना, जॅकला झेंडूचे हार पडायचे. निवृत्तीनंतर घरात हत्यारं म्हणावीत अशी दोनच उरली. एक बायकोचं शिवणमशीन आणि दुसरी 'बोलकी'.

बोलकी म्हणजे शाळेच्या पाटीएवढा छोटा लॅपटॉप आणि त्याच्या जोडीला गळ्यात बांधायची एक मऊ पट्टी. तिच्यावाचून वृंदाला, म्हणजे मकरंदरावांच्या बायकोला, बोलता येत नव्हतं. एवढं मोठं हत्यार पूजेवाचून कसं ठेवायचं? मकरंदरावांनी पाटावर लाल कापड घातलं, लॅपटॉप उघडून मांडला, त्याचा बॅकअप ज्या पेनड्राइव्हवर होता तोही बाजूच्या खाचेत खोचला. म्हटलं, त्या बिचाऱ्यालाही पुण्य लागू दे. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल तांब्यात चांगलं बुडवलं आणि सढळ हातानं शिंपडलं.

खुर्चीत बसलेल्या वृंदानं घाईघाईनं डावा हात उचलला.

"मकरंद," बोलकी म्हणाली. "पाणी न..."

चट् असा आवाज झाला. पडदा निळा झाला, मग काळा. जळक्या रबराचा वास सुटला. मकरंदराव फूल हातात धरून तसेच उभे. वृंदाचे ओठ हलत होते, आणि घरात चिडीचूप.

वृंदाला पक्षाघाताचा झटका आला तो आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात. उजवी बाजू लुळी पडली, ती व्यायामानं बरीच सावरली. वाचा मात्र गेली. डॉक्टरांनी मकरंदरावांना समजेल अशा भाषेत सांगितलं, "शब्द डोक्यात शाबूत आहेत. डोक्यातून जिभेकडे येणारा घाट खचलाय. गाडी सुटते, पण पोचत नाही." लिहायला द्यावं, तर उजवा हात ऐकेना आणि डाव्या हाताची अक्षरं एकमेकांवर चढायची. मानेचाही भरवसा नाही; 'हो' म्हणायचं तर मान 'नाही' अशी हलायची. या दुखण्यात तसंही होतं म्हणे.

बोलकी कामाला यायची ती इथं. माणूस बोलू पाहतो तेव्हा, आवाज फुटला नाही तरी, गळ्याच्या आणि जबड्याच्या स्नायूंत विजेची बारीकशी सळसळ होतेच. पट्टी ती टिपायची, आणि लॅपटॉप तिचे शब्द करून वृंदाच्याच आवाजात बोलायचा. आवाज मिळाला पुण्याच्या लेकीकडून. आईनं वर्षानुवर्षं फोनवर बोलून पाठवलेले निरोप केतकीनं जपून ठेवले होते. पण खचलेल्या घाटातून येणारी सळसळ अर्धीमुर्धीच. उरलेलं यंत्र अंदाजानं भरायचं. ही बाई पूर्वी अशा वेळी काय म्हणायची? सुरुवातीला गळ्यातलं दोन आणे, आठवणीतलं चौदा आणे. जसजशी गळ्याची ओळख वाढत जायची, तसतसा अंदाज मागे सरायचा. आणि ही ओळख त्या पाटीएवढ्या लॅपटॉपबाहेर जायची नाही, तसा कायदाच झालेला. माणसाच्या गळ्यात अडकलेलं बोलणं कुठल्या कंपनीच्या गोदामात साठवायचं नाही. तेव्हा ते जपायचं ज्याचं त्यानं, घरच्या घरी.

झटक्याआधी वृंदा बोलायची भरपूर, पण त्यात तिचं स्वतःचं म्हणणं शोधावं लागायचं. 'अहो, तुम्ही म्हणाल तसं', 'चालेल की', हे तिचं पालुपद. झटक्यानंतर एकेक शब्द म्हणजे विहिरीतून पोहरा ओढण्याचं काम झालं, आणि एवढ्या कष्टानं काढलेलं पाणी ती उगाच सांडेना. 'नको.' 'गार आहे.' 'खोटं.' दुपारी तिच्या शिवणक्लासच्या जुन्या बायका येऊन बसायच्या, आपापलं शिवण दाखवायच्या. वाकडी टीप दिसली की वृंदा म्हणायची, "उसव." बस्स. बाई बापडी निमूट उसवायची. केतकी म्हणायची, आई मिलिटरीत गेली.

आणि एक दिवस ती म्हणाली, "मकरंद."

लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं, आणि त्या उखाण्यातही अर्धं गिळलं होतं. मकरंदरावांनी आधी उठून खिडकी लावली. शेजारच्या शिंदेवहिनींनी ऐकलं तर? डॉक्टरांनी समजूत घातली. 'अहो' म्हणजे नुसता श्वास, तो पट्टीला सापडत नाही; 'म'ला ओठ घट्ट मिटावे लागतात, स्नायू ताणले जातात, तो सापडतो. म्हणून त्यांनीच वृंदाला नाव घ्यायला सांगितलं होतं. पटत होतं हो सगळं. पण चारचौघांत बायकोनं "मकरंद, नाक पूस" म्हणायचं म्हणजे काय? ते हसण्यावारी न्यायचे. तरी मनात कुठंतरी जुन्या 'अहो'ची हुरहूर लागायची, हेही खरं.

तर, ती ओळख कमावलेली बोलकी आता पाटावर मरून पडली होती.

तबस्सुम मुल्लाचं दुरुस्तीचं दुकान स्टँडसमोरच. परकरपोलकं शिवायला ती लहानपणी वृंदाकडेच शिकली, म्हणून घरचीच. तिनं लॅपटॉप उघडला, आतलं ओलं कुंकू ब्रशनं झाडलं आणि मकरंदरावांकडे पाहिलं.

"काका, फूल तरी कोरडं वाहायचं."

"हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय," मकरंदराव म्हणाले. त्यांचा तो पुकारणारा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "बोलेल ना गं ती?"

"यंत्र बोलेल. आतला बोर्ड बदलते मी. पण ओळख त्या बोर्डातच होती, ती गेली. कोरी पाटी आली म्हणा. ती बॅकअपवरून परत भरायची."

"आमच्या वेळी सीडी घातली की काम व्हायचं."

"या लहानग्यांना सीडीची फटच नसते, काका. यांना सगळं पेनड्राइव्हनंच भरवायचं. बॅकअप कुठंय?"

बॅकअप दोन होते, आणि वृंदानं शिवणाच्या डब्यातले दोरे बांधून ते वेगळे ओळखू येतील असे केले होते. लाल दोऱ्याचा अगदी पहिल्या आठवड्यांतला, एकदा घेऊन ठेवून दिलेला. हिरव्या दोऱ्याचा नेहमीचा. दर संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघता बघता मकरंदराव त्यावर ताजा बॅकअप घ्यायचे. पूजेला बसवला होता तो हिरवाच. त्याचं टोक काळं पडलं होतं.

तबस्सुमनं तो भिंगाखाली धरला. "हा कोल्हापूरला पाठवते. आतली चिप वाचली असेल तर निघेल, नाहीतर नाही. तोवर लाल घालू?"

"घाल की. काहीच नसण्यापेक्षा बरं."

"पण ध्यानात घ्या काका. बॅकअप ज्या दिवशी घेतला, रिस्टोअर केलं की तो दिवस परत येतो, जसाच्या तसा. त्यानंतर काकूंकडून यंत्र जे जे शिकलं, ते त्यात नाही."

मकरंदरावांनी मान हलवली. ऐकलं, पण कानावरून गेलं.

दोन दिवसांनी नवा बोर्ड बसला, तेव्हा मकरंदराव वृंदालाही दुकानात घेऊन आले. तबस्सुमनं लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह खोचला, एक बटण दाबून धरत लॅपटॉप सुरू केला आणि त्याला सांगितलं, स्वतःच्या पोटात शोधू नकोस, बाहेरून घे. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली. वृंदाच्या गळ्यात पट्टी बांधली. तिनं दम घेतला, ओठ हलवले.

"अहो," बोलकी म्हणाली, "किती दमलात हो तुम्ही! चला घरी, चहा टाकते."

मकरंदरावांच्या डोळ्यांना धार लागली. वृंदाच्याही लागली. दोघांच्या रडण्याचं कारण एकच आहे, असं त्यांना वाटलं.

मग काय विचारता! घरात जुने दिवस आले. 'अहो, मफलर घ्या', 'अहो, तुमच्या आवडीचं वांगं आणलंय का?' मकरंदराव सकाळी दाढी करताना गुणगुणायला लागले. शिंदेवहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "वृंदावहिनी सुधारल्या हो अगदी." शिवणाच्या बायका मात्र चक्रावल्या. एकीनं सापासारखी वाकडी टीप दाखवली, आणि बोलकी म्हणाली, "छान झालंय की!" बाईनं आधी टिपेकडे पाहिलं, मग वृंदाकडे. "बाईंना बरं नाही का आज?" तिनं हळूच मकरंदरावांना विचारलं. ते हसले.

पुण्याचा विषयही असाच सुटला. केतकी कधीची मागे लागली होती, इकडे या, माझ्या शेजारचा फ्लॅट रिकामा आहे. मकरंदरावांचा जीव पुण्याकडे ओढत होता. नात होती, लिफ्ट होती, गुडघे कुरकुरत होते. वृंदानं प्रत्येक वेळी एका शब्दात निकाल लावला होता, "नको." का, ते सांगण्याएवढे शब्द तिच्याजवळ नव्हते. दसऱ्यानंतर केतकीनं फोनवर पुन्हा विचारलं. वृंदाचे ओठ बराच वेळ हलत राहिले. कपाळावर घाम आला.

"चालेल की," बोलकी म्हणाली. "तुझ्या बाबांच्या मनात आहे ना, मग येऊ."

"बाबा! आई हो म्हणाली!" केतकी ओरडली. दिवाळी झाली की टेम्पो सांगायचा ठरला. मकरंदराव उत्साहानं खोकी भरायला आणि सुतळीनं आवळायला लागले. शिवणमशीनही गोणपाटात गेलं.

वृंदा आता गळ्यातली पट्टी सारखी ओढून काढायची.

"टोचते का गं? खोबरेल लावू?" मकरंदराव विचारायचे आणि पुन्हा बांधायचे.

दिवाळीच्या तोंडावर तबस्सुमचा फोन आला. "काका, नशीब काढलंत! हिरवा वाचला. सगळं निघालंय. उद्या काकूंना घेऊन या, लगेच घालू."

आता या बातमीनं जीव भांड्यात पडायला हवा होता की नाही? पण मकरंदराव घुटमळले. "येतो की," ते म्हणाले. "जरा दिवाळी होऊ दे." फोन ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. "अहो, कोणाचा फोन?" बोलकीनं विचारलं. "असाच, कुणाचा तरी," ते म्हणाले. गोड बोलणारी बायको परत कोरड्या 'नको'शी बदलायला कोण जातंय? असं त्यांनी मनात म्हटलं, आणि त्याचीच त्यांना लाजही वाटली. पण लाज वाटली म्हणून काही त्यांनी परत फोन केला नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी वृंदानं त्यांना ओवाळलं. उजवा हात थरथरायचा, म्हणून ताट डाव्या हातात, आणि खालून मकरंदरावांचा आधार. ओवाळून घेणारानंच ताट धरलेलं. दोघांनाही हसू आलं. निरांजनाचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता. इतक्या जवळून त्यांनी तिच्याकडे बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. ऐकत होते नुसते, बघत कुठं होते!

तिनं ओठ मिटले. घट्ट, ताणून, मानेची शीर वर येईपर्यंत. मग उघडले.

"अहो," बोलकी म्हणाली, "ओवाळणी घाला की."

वृंदानं डोळे मिटून घेतले. पुन्हा ओठ मिटले, पुन्हा उघडले.

"अहो, किती राजबिंडे दिसताय!"

मकरंदराव ताटाखाली हात धरून थिजले. ते स्वतःशीच पुटपुटले, "अहो." ओठाला ओठ लागला नाही. मग म्हणाले, "मकरंद." लागला.

ही त्यांना हाक मारत होती. दसऱ्यापासून, रोज, जीव तोडून हाक मारत होती, आणि ते यंत्र तिच्या तोंडून झटक्याआधीच्या वृंदाचं बोलणं बोलत होतं. टिपेला ती 'उसव' म्हणाली असणार. आणि पुण्याला? पुण्याला काय म्हणाली असणार, ते सांगायला यंत्र कशाला हवं होतं! गाड्या पुकारून हयात गेली, पण समोरचा प्रवासी काय ओरडतोय ते कधी ऐकलं नाही, असं झालं होतं त्यांचं.

त्यांनी ताट पाटावर ठेवलं आणि तिच्या गळ्यातली पट्टी सोडली.

"वृंदा, म्हण बघू. नुसती म्हण."

तिनं ओठ मिटले. उघडले. आवाज नव्हताच.

"मकरंद?" त्यांनी विचारलं.

वृंदा हुंदके देऊन रडायला लागली. त्यांनी तिचं डोकं खांद्यावर घेतलं. कितीतरी वेळानं ते म्हणाले, "हिरवा दोरा वाचलाय. तबस्सुमचा फोन आला होता. मी तुला सांगितलं नाही. मला ते 'अहो' आवडत होतं गं."

वृंदानं मान वर केली, त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि डाव्या हातानं पाठीत एक धपका घातला. बऱ्यापैकी जोरात. मग तोच हात तिथंच ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच दोघं पायरीवर हजर. तबस्सुमनं कुलूप काढता काढता दोघांचे सुजलेले डोळे पाहिले आणि आधी बसायला खुर्च्या पुढे सरकवल्या. हिरव्या दोऱ्यातलं सगळं तिनं नव्या पेनड्राइव्हवर घेतलं होतं, आणि हिरवा दोरा सोडून त्याला बांधला होता. तो खोचला, बटण दाबून धरलं, पडद्यावरची पट्टी भरायला लागली. मकरंदराव ती बघत नव्हते. ते वृंदाच्या ओठांकडे बघत होते.

गळ्यात पट्टी बांधली. वृंदा आधी नवऱ्याकडे रोखून बघत राहिली. तबस्सुमनं काळजीनं पडद्याकडे पाहिलं.

"मकरंद," बोलकी म्हणाली.

"ओ."

"गाढव."

तबस्सुम खो खो हसत सुटली. मकरंदरावांनी आधी डोळे पुसले, मग तेही हसले. उभ्या जन्मात कुणी इतकं प्रेमानं गाढव म्हटलं नव्हतं त्यांना.

"काकू, लाल दोऱ्याचा पुसून टाकू?" तबस्सुमनं विचारलं. "उगाच परत कुणी घालायला नको."

मकरंदराव 'पूस' म्हणणार होते. ते थांबले आणि म्हणाले, "मला विचारू नकोस. तिचा आहे."

वृंदानं तो डाव्या हातात घेतला. लाल दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"ठेव," ती म्हणाली. मग पोहरा ओढावा तसा एकेक शब्द वर आला. "ती पण. मीच." आणि जरा दम खाऊन, "लांब. ठेव."

घरी आल्यावर केतकीला फोन लावला. मकरंदरावांनी काही न सांगता तो वृंदापुढे धरला. "आई, टेम्पो परवा येतोय," केतकी म्हणाली. "सगळं बांधून झालं ना?"

"नको," वृंदा म्हणाली. "पुणं नको. इथं. बायका. शिवण." तिला धाप लागली, पण ती थांबली नाही. "तू ये."

"आई?" केतकीनं विचारलं. "आई, ही तूच ना? परत आलीस?"

"मीच," वृंदा म्हणाली.

मकरंदरावांनी एकदा आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, एकदा दाराकडे. लिफ्ट गेली, नातीचं रोजचं बोट गेलं. वाईट वाटलं, नाही असं नाही. ते मनातल्या मनात गिळत होते, तेवढ्यात वृंदा काठी टेकत खोक्यांपाशी गेली. गोणपाटात बांधलेल्या मशीनवर तिनं हात ठेवला.

"मकरंद."

"ओ."

"उसव."

मकरंदराव जमिनीवर बसले. सुतळीच्या गाठी त्यांनी स्वतःच मारल्या होत्या, बसगाडीच्या टपावर सामान आवळावं तशा. नखं दुखेपर्यंत एकेक सोडवत त्यांनी घसा खाकरला आणि स्टँडवरचा तो जुना आवाज लावला. "पुण्याकडे जाणारी गाडी काही अपरिहार्य कारणांमुळे रद्द करण्यात आलेली आहे! प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल..."

"मकरंद, हळू," वृंदा वाकड्या तोंडानं हसत म्हणाली. "शिंदेवहिनी. ऐकतील."

मकरंदराव उठले. खिडकी लावलेली होती. त्यांनी कडी काढली, दोन्ही दारं सताड उघडली आणि परत येऊन तिच्यासमोर बसले.

"ऐकू देत," ते म्हणाले. "परत एकदा हाक मार."